समुद्राची उघडी खतावणी

पाण्यात म्हैस आणि वर मोल, अशी एक म्हण आपल्या भाषेत आहे. जी वस्तू अद्याप दृष्टीस पडली नाही तिचा सौदा करू नये, हा त्या म्हणीतील शहाणपणा. परंतु गेली सव्वाशे वर्षे जगातील एक शास्त्र नेमका हाच सौदा करीत आले आहे. समुद्रात मासे किती आहेत, त्यांपैकी यंदा किती धरावेत आणि पुढील वर्षांसाठी किती राखावेत, हे सांगणारे ते शास्त्र होय. धनगरास आपली मेंढरे मोजता येतात, बागवानास आपली झाडे मोजता येतात; मत्स्यगणित करणाऱ्यास मात्र ज्या संपत्तीचा हिशेब मांडावयाचा ती पाण्याखाली असते. तरीही त्याच्या आकड्यावर गावेच्या गावे जेवतात किंवा उपाशी राहतात.

या लेखात आम्हांस त्या हिशेबाचा इतिहास सांगावयाचा आहे. आणि तो सांगताना एकच गोष्ट वाचकांपुढे ठेवावयाची आहे. ती ही की, न दिसणाऱ्या वस्तूविषयी जो आकडा काढला जातो, त्याची खतावणी तरी सर्वांस दिसली पाहिजे. हा विचार आज साधा वाटतो. परंतु तो अंगवळणी पडण्यास फार काळ लागला, आणि त्या विलंबाची किंमत पंडितांपेक्षा किनाऱ्यावरील कुटुंबांनीच अधिक भरली.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस समुद्र अक्षय आहे अशीच बहुतेक विद्वानांची समजूत होती. १८८३ साली लंडन येथे मासेमारीचे आंतरराष्ट्रीय प्रदर्शन भरले, त्या प्रसंगी प्रसिद्ध जीवशास्त्रज्ञ टॉमस हेन्री हक्सले यांनी असे प्रतिपादन केले की, कॉड, हेरिंग, मॅकरेल इत्यादी माशांची मोठी सागरी मासेमारी बहुधा कधीच न संपणारी आहे. निसर्गतः जेवढे मासे मरतात त्यांच्या मानाने माणसाने धरलेले मासे नगण्य होत. हक्सले यांस हसणे सोपे आहे, पण न्याय्य नाही. नद्यांतील सामन मासा माणसाच्या हातून नष्ट होऊ शकतो, हे त्यांनी मान्य केले होते. त्यांचा सिद्धान्त शिडाच्या होड्यांच्या काळातील अनुभवावर उभा होता. पुढे वाफेच्या बोटी समुद्रतळावरून प्रचंड जाळी ओढीत फिरू लागल्या, आणि उत्तर समुद्रात बोटींची शक्ती वाढत असताना गाऱ्हाणीही वाढत गेली. १९०२ साली उत्तर युरोपातील राष्ट्रांनी एकत्र येऊन समुद्रसंशोधनाची आंतरराष्ट्रीय परिषद स्थापन केली. तिचे ठाणे कोपनहेगन येथे आहे, आणि ‘आयसीईएस’ या आद्याक्षरांनी ती आजही ओळखली जाते.

हिशेबास प्रारंभ झाला तो माशांच्या वयापासून. झाडाच्या खोडात जशी वर्षावर्षाची वलये दिसतात, तशीच थंड समुद्रातील माशांच्या खवल्यांवर व कानातील अस्थिखंडांवर दिसतात. नॉर्वेचे योहान यॉर्ट यांनी १९१४ साली दाखवून दिले की, त्यांच्या देशातील हेरिंगच्या जाळ्यांत वर्षानुवर्षे १९०४ साली जन्मलेल्या माशांचाच भरणा होता. म्हणजे एखाद्या सुदैवी वर्षाची संतती अनेक वर्षे कोळ्यांना पोसते, आणि वाईट वर्षांची उणीवही तशीच पुढे चालत येते. दुसरा धडा महायुद्धाने दिला. १९१४ ते १९१८ या काळात सुरुंगांच्या व पाणबुड्यांच्या भीतीने उत्तर समुद्रातील मासेमारी पुष्कळ अंशी थांबली. युद्ध संपल्यावर जाळी पडली तेव्हा मासळी अधिक आणि मोठी मिळाली. थोड्याच वर्षांत ती पुन्हा उतरली. कोणीही मुद्दाम न केलेला हा प्रयोग होता, आणि त्याने हक्सले यांच्या मताचे उत्तर दिले.

१९३१ साली ई. एस. रसेल यांनी हा सर्व व्यवहार एका साध्या समीकरणात मांडला. आरंभीच्या साठ्यात नवी पिल्ले आणि असलेल्या माशांची वाढ मिळवावी. त्यातून निसर्गतः मेलेले व माणसाने धरलेले मासे वजा करावेत. जे उरते तो वर्षअखेरचा साठा. आपल्या व्यापाऱ्यांच्या भाषेत सांगावयाचे तर पिल्ले व वाढ हे व्याज, आणि साठा हे मुद्दल. व्याज खावे, मुद्दलास हात लावू नये. समीकरण इतके सोपे असले तरी त्यातील एकही पद थेट मोजता येत नाही. सर्व कौशल्य आणि सर्व भांडण तेथेच आहे.

या समीकरणामागील गणित एका रशियन विद्वानाने आधीच बरेचसे सोडविले होते. फ्योदर बारानोव्ह यांनी १९१८ साली नैसर्गिक मृत्यू आणि मासेमारीने होणारा मृत्यू ही दोन्ही एकाच वेळी चालू असताना किती मासळी हाती लागेल याचे सूत्र प्रसिद्ध केले. परंतु ते रशियन भाषेत होते, देशात राज्यक्रांतीची धामधूम होती, आणि पश्चिमेकडील शास्त्रज्ञांच्या पदरी ते पडण्यास बरीच वर्षे गेली. आज कोणताही मत्स्यगणिती ते सूत्र बारानोव्ह यांच्याच नावाने वापरतो. विद्या अस्तित्वात असणे आणि ती हाताशी असणे या दोन गोष्टी भिन्न आहेत, याचे याहून बोलके उदाहरण क्वचितच सापडेल.

दुसऱ्या महायुद्धानंतर इंग्लंडातील लोस्टॉफ्ट येथील प्रयोगशाळेत रे बेव्हर्टन व सिडनी होल्ट या दोन तरुणांनी वाढ, मृत्यू, जाळ्याच्या आसाचे माप आणि उत्पन्न यांची एकत्र मांडणी केली. त्यांचा पाचशेहून अधिक पृष्ठांचा ग्रंथ १९५७ साली प्रसिद्ध झाला, आणि तोच पुढे या शास्त्राचा पाया मानला गेला. त्या ग्रंथातील गणित कठीण होते, तरी ते छापील होते. ज्याच्याजवळ कागद, लेखणी व चिकाटी होती तो प्रत्येक पायरी स्वतः ताडून पाहू शकत होता.

त्यानंतर, १९६५ साली, जॉन गलंड यांनी एक नवी रीत आणली. तिचे तत्त्व आपल्याकडील पंगतीच्या दृष्टान्ताने चटकन कळेल. लग्नात किती माणसे आली हे आधी मोजले नसेल, तर पंगती उठल्यावर उष्ट्या पत्रावळी मोजून ते सांगता येते. त्याचप्रमाणे एका वर्षी जन्मलेले मासे पुढील प्रत्येक वर्षी किती पकडले गेले ते मोजीत मागे गेले, की त्या पिढीत मुळात किती मासे होते हे निघते. पण दोन अडचणी राहतात. काही पाहुणे न जेवताच निघून जातात. म्हणजे काही मासे जाळ्यात न येता मरतात. कॉडच्या बाबतीत या नैसर्गिक मृत्यूचे मान ०.२, म्हणजे दर साल सुमारे शेकडा १८, असे धरण्याचा प्रघात पडला. तो आकडा पुष्कळदा मोजलेला नसून मानलेला असे. दुसरी अडचण अधिक मोठी. ज्यांची पंगत अद्याप उठली नाही त्यांच्या पत्रावळी कशा मोजाव्या? जुन्या वर्षांचा हिशेब पक्का होतो, पण चालू वर्षाचाच कच्चा राहतो. आणि मासेमारीचा हुकूम तर चालू वर्षाविषयी द्यावयाचा असतो.

ही रीत संगणकयंत्रावर चढली आणि हिशेब अधिक सूक्ष्म झाला. परंतु त्याबरोबर आणखी एक गोष्ट घडली. बेव्हर्टन आणि होल्ट यांची सूत्रे पुस्तकात होती. आता हिशेबाची खरी आज्ञावली बहुधा एखाद्या प्रयोगशाळेच्या यंत्रात, दोनचार तज्ज्ञांच्या हातांत राहू लागली. बाहेरच्यास निष्कर्षाचा अहवाल मिळे. आकडा ज्या शेकडो लहानमोठ्या निवडींतून निघाला त्या मिळत नसत.

याचा परिणाम किती दूरवर जाऊ शकतो हे कॅनडातील न्यूफाउंडलंडच्या किनाऱ्याने दाखविले. त्या बेटावरील कॉडची मासेमारी शतकांची जुनी. १९६८ साली परदेशी ट्रॉलरांच्या धाडीने तेथील उत्तरेकडील कॉडचे उत्पन्न आठ लक्ष टनांवर गेले आणि मग कोसळले. १९७७ साली कॅनडाने २०० मैलांपर्यंतचा समुद्र आपल्या हुकमतीखाली घेतला. आता शास्त्राच्या सल्ल्याने मासेमारी चालेल, साठा भराभर वाढेल, अशी सर्वांची अपेक्षा होती. आणि सरकारी हिशेब ती पुरी होत असल्याचे सांगत होते.

किनाऱ्याजवळ लहान होड्यांतून सापळाजाळी लावणारे कोळी मात्र वेगळेच सांगत होते. १९८० नंतरच्या काही वर्षांत त्यांना मासे कमी मिळू लागले, आणि मिळत ते लहान. १९८६ साली त्यांच्या संघटनेने जीवशास्त्रज्ञांकडून सरकारी हिशेबाची स्वतंत्र तपासणी करविली. साठा फुगवून मोजला जात आहे, असा त्या तपासणीचा निष्कर्ष होता. फुगवट्याचे एक कारण असे की, चालू वर्षाचा कच्चा हिशेब जुळविण्यासाठी मोठ्या ट्रॉलरांच्या दर तासाच्या मासळीचा आधार घेतला जात असे. परंतु कॉड हा थव्याने राहणारा मासा. साठा घटला तरी उरलेले मासे एकवटतात, आणि यंत्रसज्ज ट्रॉलर त्यांना हुडकून काढतोच. समुद्र रिता होत असताना ट्रॉलर भरलेलाच परत येतो, आणि त्याच्या नोंदीवरून गणिती सुखावतो.

१९८९ साली शास्त्रज्ञांनी नव्याने हिशेब केला तेव्हा त्यांस आपला आकडा निम्म्याहून खाली आणावा लागला. आदल्या वर्षी २,६६,००० टनांची मर्यादा होती. आता १,२५,००० टनांहून अधिक मासळी धरू नये असे गणित सांगू लागले. सरकारने २,३५,००० टनांस परवानगी दिली. तीन वर्षांनी, २ जुलै १९९२ रोजी, मासेमारी बंद करण्याची घोषणा झाली. ३० हजारांहून अधिक माणसांचा रोजगार त्या बंदीने गेला. बंदी प्रथम दोनच वर्षांची होती. ती तीन दशके टिकली.

या अनर्थाचे सर्व खापर बंद वह्यांवर फोडणे सत्यास धरून होणार नाही. समुद्राच्या थंडाव्याचा भाग त्यात होता, अधिकाऱ्यांच्या भिडेचा होता, लोभाचा तर होताच. आणि योग्य आकडा समोर आल्यावरही तो मानला गेला नाही, हे वर सांगितलेच आहे. तथापि आम्हांस असे वाटते की, किनाऱ्यावरच्या कोळ्याची शंका ही शंका म्हणूनच हिशेबात घालून पाहण्याची सोय असती, ट्रॉलरांची नोंद वगळून उत्तर काय येते हे कोणाही जाणत्यास दोन दिवसांत ताडता आले असते, तर निदान तीनचार वर्षे आधी वाद जाहीर झाला असता. माशांच्या बाबतीत तीनचार वर्षे म्हणजे जवळजवळ एक पिढी.

ही सोय पुढे मुक्तस्रोत आज्ञावल्यांनी केली. ज्या आज्ञावलीचा मूळ पाठ कोणालाही वाचता, चालविता, सुधारता व पुढे देता येतो, तिला मुक्तस्रोत म्हणतात. न्यूझीलंडमधील ऑकलंड विद्यापीठात रॉस इहाका व रॉबर्ट जेंटलमन यांनी ‘आर’ नावाची संख्याशास्त्राची भाषा रचली आणि १९९५ साली ती अशा रीतीने सर्वांस खुली केली. मत्स्यगणित्यांनी तिचा आधार घेतला. २००७ साली युरोपातील शास्त्रज्ञांच्या एका गटाने ‘एफएलआर’ हा तिच्यावर उभारलेला साधनसंच विद्वत्पत्रिकेत मांडला. त्याचा विशेष असा की, त्यात केवळ साठा मोजीत नाहीत. एखादा नियम लावला आणि आपला हिशेब चुकीचा निघाला, तर वीस वर्षांनी काय होईल, हे संगणकात रचलेल्या समुद्रावर आधी घडवून पाहतात. चूक गृहीत धरून नियम पारखण्याची ही रीत न्यूफाउंडलंडच्या धड्यानंतर किती मोलाची आहे हे सांगणे नलगे.

दुसरे मोठे साधन डेव्हिड फूर्निए यांचे ‘एडी मॉडेल बिल्डर’. आधुनिक हिशेबात शेकडो अज्ञात पदे एकाच वेळी शोधावी लागतात. दाट धुक्यात डोंगरावर उभ्या असलेल्या माणसाने पायाखालचा उतार चाचपीत दरीचा तळ गाठावा, तसे ते काम आहे. शेकडो दिशांचा उतार अचूक व चटकन काढून देण्याची युक्ती फूर्निए यांनी या साधनात बसविली, आणि पुष्कळ देशांतील मत्स्यगणित त्यावर चालू लागले. अमेरिकेतील रिचर्ड मेथॉट यांची ‘स्टॉक सिंथेसिस’ ही बहुप्रचलित पद्धतीही त्यातच लिहिलेली आहे. पण ते साधन एका खासगी कंपनीच्या मालकीचे होते. २००७ साली त्यासाठी एक प्रतिष्ठान स्थापन झाले; त्याने एका धर्मादाय निधीच्या साहाय्याने मालकीहक्क मिळविले. नोव्हेंबर २००८ मध्ये ते विनामूल्य झाले आणि मार्च २००९ मध्ये त्याचा मूळ पाठही जगास मिळाला. बारानोव्ह यांचे सूत्र पश्चिमेकडे पोहोचण्यास वर्षे लागली होती. येथे कुलूप उघडताच विद्या सर्वत्र एकदम पोहोचली. पुढे डेन्मार्कमध्ये कॅस्पर क्रिस्टेन्सन व त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याच विचारावर ‘टीएमबी’ हे अधिक वेगवान साधन रचले. त्याची माहिती २०१६ साली प्रसिद्ध झाली. युरोपातील कित्येक माशांचे हिशेब आता अशाच उघड्या साधनांनी होतात. कोपनहेगनच्या परिषदेनेही मूळ आकडे, आज्ञावली व निष्कर्ष एकत्र ठेवून कोणासही हिशेब पुन्हा चालविता यावा, अशी व्यवस्था उभारली आहे.

उघड्या वहीने वाद मिटतात, असा मात्र कोणी समज करून घेऊ नये. न्यूफाउंडलंडच्या कॉडचाच पुढील वृत्तान्त पाहावा. नोएल कॅडिगन यांनी २०१६ साली त्या साठ्यासाठी जी नवी मांडणी प्रसिद्ध केली, तिच्यात नैसर्गिक मृत्यूचे मान कायमचे ०.२ न धरता वर्षागणिक बदलू दिले, आणि नोंदलेली मासळी खऱ्याहून कमी असू शकते हेही हिशेबात घेतले. २०२३ साली त्या मांडणीत १९५४ पासूनची माहिती घालण्यात आली. तेव्हा धोक्याची रेषाच खाली सरकली, आणि जो साठा कालपर्यंत संकटाच्या कक्षेत होता तो केवळ सावधगिरीच्या कक्षेत आहे असे ठरले. जून २०२४ मध्ये सरकारने १८,००० टनांच्या मर्यादेने व्यापारी मासेमारी पुन्हा सुरू केली. समुद्रात एकाही माशाची भर न पडता केवळ खतावणीच्या मांडणीने निर्णय पालटला. यावर टीका झाली, तशी व्हावयासच हवी. परंतु १९८६ चा वाद आणि हा वाद यांत एक भेद आहे. या वेळी रेषा का सरकली, कोणत्या आकड्यामुळे किती सरकली, हे विरोधकांनाही बोट ठेवून दाखविता येत होते.

आपल्याकडील समुद्राची अडचण निराळी आहे. उष्ण समुद्रात हिवाळ्या-उन्हाळ्याचा भेद थोडा. म्हणून माशांच्या अंगावरील वर्षांची वलये अस्पष्ट असतात, आणि वयावर उभारलेले युरोपीय गणित लटके पडते. यावर उपाय म्हणून डॅनियल पॉली व एन. डेव्हिड यांनी फिलिपीन्समधील मनिला येथील संस्थेत ‘एलेफॅन’ ही पद्धत रचली आणि १९८१ साली प्रसिद्ध केली. वय कळत नसेल तर लांबी मोजावी. महिन्यामहिन्याने मापलेल्या शेकडो माशांच्या लांबीचे उंचवटे कसे पुढे सरकतात त्यावरून वाढीचा वेग काढावा, हे तिचे तत्त्व. या कामास मोजपट्टी आणि चिकाटी पुरते, म्हणून गरीब देशांत ती झपाट्याने पसरली. २०१७ साली ‘ट्रॉपफिशआर’ या नावाने अशा पद्धतींचा मुक्तस्रोत संच ‘आर’ भाषेत उपलब्ध झाला. आपली केंद्रीय सागरी मात्स्यिकी संशोधन संस्था १९४७ साली स्थापन झाली. तिचे निरीक्षक ठरावीक पद्धतीने निवडलेल्या बंदरांवर, निवडलेल्या दिवशी, उतरणारी मासळी मोजतात आणि त्या नमुन्यावरून सबंध किनाऱ्याचा अंदाज बांधतात. मुंबईच्या बोंबलापासून केरळच्या तारलीपर्यंत अनेक जातींचे लांबीवरून केलेले अभ्यास त्या परंपरेत झालेले आहेत.

यावर काही आक्षेप आहेत, आणि ते पोकळ नाहीत. साधन उघडे असले तरी बंदरावरचा आकडाच खोटा असेल तर उत्तरही खोटेच येणार. उत्तम ताजवा चोरीचा माल खरा करीत नाही. दुसरे असे की, वही उघडी झाली म्हणून ती सर्वांस वाचता येते असे नाही. मोठ्या बोटींचे मालक गणिती नेमून प्रत्येक अप्रिय आकड्यात खोट काढवू शकतात व निर्णय लांबवू शकतात. डोल जाळ्यावर पोट भरणाऱ्यास गणिती कोठून मिळावा? हा आक्षेप आम्हांस सर्वांत गंभीर वाटतो. परंतु त्याचे उत्तर वही मिटणे हे नव्हे, वाचक वाढविणे हे आहे. आपल्या किनाऱ्यावरील महाविद्यालयांत संख्याशास्त्र शिकणाऱ्या मुलामुलींना ही साधने एक पैही न देता मिळतात. वर्साव्याच्या वा हर्णैच्या बंदरावर उतरणाऱ्या पापलेटची लांबी मापून, त्याचा हिशेब मराठीत मांडून तो कोळीवाड्याच्या सभेत समजावून सांगणारा एक विद्यार्थी, हा आमच्या मते एखाद्या जाड अहवालाहून अधिक उपयोगाचा आहे.

मासेमारीचा हुकूम हा एका अर्थी कर आहे. आजची मासळी सोडा, उद्या ती वाढून मिळेल, असे तो गरिबास सांगतो. ज्यांच्याकडून असा त्याग मागावयाचा त्यांना तो आकडा कसा आला हे विचारण्याचा हक्क आहे, आणि ते दाखविणे हे मागणाऱ्याचे कर्तव्य आहे. पावसाळ्यात जाळी किनाऱ्यावर ठेवून नारळी पौर्णिमेची वाट पाहणारा आपला कोळी हा त्याग पिढ्यान् पिढ्या करीत आला, कारण त्यामागील कारण त्याला स्वतःच्या डोळ्यांनी दिसत होते. गणिताच्या युगातही तो तसाच करील. मात्र त्याला दिसेल असे कारण दाखविण्याची तयारी गणित्यांनी व सरकारने ठेविली पाहिजे.